वाडग्यांवरून मोजलेलं गाव

साहेब, त्या पाण्याच्या तोंडावर लोखंड ठोकायला तुम्ही सांगितलंत. वेल्डिंग सुब्बूअण्णानं केलं, पत्रा मी धरला, पण हुकूम तुमचा. फोनवरून दिलेला. तुमच्या मागं एसी घुरघुरत होता आणि माझ्या मागं अख्खं गाव नाचत होतं. तुमचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. प्रकल्पाच्या ऑफिसात सगळे तुम्हाला नुसतं 'साहेब' म्हणायचे, जसं काही आईबापानं बारशाला तेवढंच नाव ठेवलं होतं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही विसरलाही असाल. माझ्या तर अंगावर ते पाणी उडालं होतं.

तिंगपाली गाव. उत्तर घाना. त्या दिवशी सकाळपासून आमच्या गाडीचा हातोडा खडक कुटत होता आणि बोरच्या तोंडातून नुसता पांढरा फुफाटा उडत होता. गावातल्या बाया झाडाखाली बसून बघत होत्या. हंडे, डबे, प्लास्टिकच्या बादल्या, सगळं आधीच आणून ठेवलेलं. पाणी लागायच्या आधी भांडी आणू नयेत असं मी सांगून बघितलं, कोण ऐकतंय. दुपार कलली तसा फुफाटा ओलसर झाला, मग काळा, मग चिखल, आणि मग भस्सकन पाण्याचा लोट वर आला. चांगलं अडीच इंची पाणी. बाया ओरडत उठल्या. त्यांच्यातली एक साठीची बाई कपड्यांसकट धावत त्या लोटात शिरली आणि तोंड वर करून उभी राहिली.

"ए, काढ तिला तिथनं!" सुब्बूअण्णा ओरडला. तो आमचा फोरमन, तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडचा, आयुष्य बोरवर गेलेलं. "हवेच्या दाबानं उडून जाईल म्हातारी!"

मी तिला हात धरून ओढलं. तिनं मलाच आत ओढलं. पुरुषभर उंच बाई, हाताला पहिलवानासारखा जोर. मी भिजलो तशी पोरं टाळ्या पिटायला लागली, "सिलिमिंगा! सिलिमिंगा!"

सिलिमिंगा म्हणजे गोरा माणूस. मी जत तालुक्यातला सिद्राम कोरे. शाळेत मला काळ्या म्हणायचे. सातवीनंतर बोरच्या गाडीवर चढलो, कर्नाटक केलं, आंध्र केलं, मग मालकानं गाडीच जहाजात घातली आणि गाडीबरोबर आम्हालाही धाडलं. समुद्र ओलांडला आणि मी गोरा झालो.

ती बाई म्हणजे अझारा. गावची मगाझिया, म्हणजे बायकांची म्होरकी. बायकांनी निवडलेली. भांडणं तीच मिटवते, बाळंतपणाला तीच धावते आणि पुरुषांच्या बैठकीत बायकांच्या वतीनं तीच बोलते. मी तिला मावशी म्हणायचो. तिला वाटायचं ते माझ्या बायकोचं नाव आहे. रोज विचारायची, "मावशी बरी आहे का? तिला पोरं किती?" मी खुलासा करायचा सोडून दिला होता.

तर असं सगळं चाललेलं, आणि इद्रिसूचा फोन वाजला. इद्रिसू आमचा तिथला ड्रायव्हर आणि दुभाषाही. त्यानं ऐकलं, फोन माझ्या हातात दिला आणि दुसरीकडं बघायला लागला.

"तिंगपालीला पंप मंजूर नाही," तुम्ही म्हणालात. "तीनशे माणसांमागे एक पंप असा नियम आहे. त्या गावात एवढी लोकसंख्या नाही. चुकून यादीत आलं."

"साहेब, बोर झालाय. पाणी लागलंय."

"मग कॅप करा."

"पाणी वर आलंय साहेब, बाया भरायला लागल्यात."

"वेल्ड करून कॅप करा. उघडा ठेवलात तर कुणीतरी जनावर टाकेल आत, आणि मग आमच्यावर येईल."

तुम्ही फोन ठेवलात.

हापशाचं सामान आमच्या गाडीवरच होतं. पंपाची दांडी, पाइप, सगळं. दुपारभर काम होतं. ते तिथंच राहिलं आणि सुब्बूअण्णानं केसिंगच्या, म्हणजे बोरमधल्या पाइपाच्या, तोंडावर पत्रा ठेवून कडेनं वेल्डिंग मारलं. बाया बघत होत्या. त्यांना वाटलं हा पंपाचाच भाग आहे. अझारानं तर त्या गरम पत्र्यावर पाणी शिंपडलं, आशीर्वाद म्हणून.

मग इद्रिसूनं सांगितलं.

"माणसं कमी?" अझारा हसली. खरंच हसली, मांडीवर थाप मारून. "त्याला म्हणावं संध्याकाळी जेवायच्या वेळेला ये. बसायला जागा मिळाली तर मी माझं तोंड काळं करीन."

"ते आधीच काळं आहे," इद्रिसू म्हणाला.

"तुझंही काही उजेड पाडत नाही. सांग त्याला."

मी सांगितलं असतं. पण तुम्ही फोन उचलला नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो, पण कॉम्प्रेसरनं दगा दिला. सुटा भाग राजधानीहून, अक्राहून यायचा होता. म्हणजे आठवड्याची निश्चिंती. अझारानं आम्हाला तिच्या घरी जेवायला घातलं, कुणी न सांगता. ज्यानं पाणी काढलं त्याला उपाशी ठेवत नाहीत म्हणाली. पाण्याला टोपी घातली ती तुम्ही, हे तिला नीट कळलं होतं. आमच्यावर राग नव्हता.

आता त्यांचं पाणी कुठलं ते सांगतो, कारण तुम्ही ते बघितलेलं नाही. गावाच्या खाली एक खणलेलं तळं. पावसाळ्यात भरतं, नंतर आटत जातं. फेब्रुवारीत त्याचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. एका बाजूनं गुरं उतरतात, दुसऱ्या बाजूनं बाया. गुरं कुठं पाणी पितात आणि कुठं मुततात हे गुरांना कुणी शिकवलेलं नसतं. बाया अंगावरच्या कापडातून गाळून घेतात. आजारी पडलं तर दवाखाना मोठ्या गावात, मोटारसायकल मिळाली तर दुपारपर्यंत पोचता. शाळा एका खोलीची. मी इद्रिसूला विचारलं, एवढ्या पोरांना एकच खोली कशी? तो म्हणाला, "मास्टर, तेही आकड्यावरच ठरतं. आकडा लहान, म्हणून खोली लहान, म्हणून नर्स नाही, म्हणून रस्ता नाही."

"पण आकडा लहान का?"

इद्रिसूनं मला खांद्याला धरून अंगणाकडं वळवलं. "जेवायला बसा," म्हणाला, "मग कळेल."

अझाराचा नवरा गेलेला. घराचा कारभार तिच्या थोरल्या दिराकडं, नापारी म्हणून म्हातारा, डोक्यावर विणलेली टोपी, दातात कायम काडी. त्याचं घर म्हणजे गोल गोल खोल्यांचा वेढा आणि मध्ये अंगण. संध्याकाळी अंगणात वाडगी मांडली. आपल्याकडच्या परातीएवढं एकेक वाडगं, आत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण. एका वाडग्याभोवती नापारी आणि म्हातारे. एकाभोवती जाणते बाप्ये. एकाभोवती बाया. आणि पोरं? पोरं वाडग्याभोवती माशांसारखी. हात दिसायचे, तोंडं दिसायची नाहीत. कुठला हात कुणाचा ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. एक पोरगी, सहाएक वर्षांची, दुसऱ्यांच्या काखेतून हात घालून जेवत होती. ती अझाराची नात, सनातू. दिवसभर आमच्या गाडीभोवती असायची. मी हातोडा चालवणाऱ्याला "हळू! हळू!" ओरडायचो ते तिनं उचललं होतं. आता कुणी मोठा घास घेतला की ती ओरडायची, "हळू! हळू!" आणि तोवर स्वतः दोन घास मारायची.

"बाबा," मी नापारीला इद्रिसूकरवी विचारलं, "घरात माणसं किती?"

इद्रिसूनं प्रश्न पुढं न्यायच्या आधी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी काही ओंगळ बोललो होतो. पण विचारलं. म्हाताऱ्यानं काडी काढली, अंगणात नजर फिरवली आणि म्हणाला, "आठ वाडगी."

"माणसं, बाबा."

"आठ वाडगी," तो पुन्हा म्हणाला आणि जेवायला लागला.

मग इद्रिसूनं मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं. हे लोक माणसं मोजत नाहीत. पोरं तर नाहीच नाही. पोरांकडं बोट करून एक, दोन, तीन म्हटलं की मरणाला पत्ता दिल्यासारखं. गुरं मोजतात, रताळी मोजतात, वाडगी मोजतात. कुणाचं घर केवढं हे वाडग्यांवरून सांगतात. तीन वाडग्यांचं घर, आठ वाडग्यांचं घर. गावात सगळ्यांना कळतं. तुमच्या प्रकल्पाचे लोक पहिल्यांदा आले, त्यांनी घराघरात विचारलं, इथं किती? उत्तर आलं, आठ. त्यांनी लिहिलं, आठ. पुढच्या घरी पाच. लिहिलं, पाच. अंगणात पोरांचा गलका चालू असताना लिहिलं. डोळे होते ना त्यांना?

मला हसू आलं नाही. आमच्याकडंही जेवणाऱ्याच्या भाकरी मोजत नाहीत. माझी आई तर दृष्ट लागेल म्हणून पोराला उंबऱ्यावर कुणाला 'केवढा मोठा झालास' म्हणू द्यायची नाही. मी हे इद्रिसूला सांगितलं.

"मग तुमच्या गावाला पाणी कसं मिळालं?" त्यानं विचारलं.

"टँकर येतो," मी म्हणालो. "खेपा मोजतात."

*

इद्रिसूनं तुमच्या ऑफिसला वाडग्यांचं कळवलं. तुम्ही एक माणूस पाठवलात, हे मी मान्य करतो. ओपोकू त्याचं नाव. दक्षिणेकडचा, शहरातला, तिथली भाषा त्याला येत नव्हती, पायात चकचकीत बूट आणि त्यावर लाल धूळ. वाईट माणूस नव्हता. आल्या आल्या सगळ्यांशी हात मिळवले, पाणी दिलं ते तळ्याचं पाणी असूनही प्यायला. जवळ शाईची बाटली होती, पोलिओच्या डोसाच्या वेळी पोरांच्या नखाला लावतात तसली. मोजलेलं माणूस दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून करंगळीला शाई.

"तीनशेच्या वर भरले तर पंप बसणार?" मी त्याला विचारलं.

"तसंच सांगितलंय मला," तो म्हणाला.

झाडाखाली बैठक बसली. नापारी आणि इतर घरांचे म्हातारे चटईवर, बाया मागं. ओपोकूनं सांगितलं, इद्रिसूनं भाषांतर केलं. मोठी माणसं मोजून घ्यायला कुरकुरत तयार झाली. पोरांचं नाव काढलं तशी आयांनी आपापली पोरं पाठीमागं ओढली.

मग अझारा उठून गेली. तिनं आधीच डोकं चालवलेलं होतं. घराघरातल्या आयांनी घरात बसून, तोंडानं काही न म्हणता, पोरामागं एकेक बी, तिथल्या शिया नावाच्या झाडाची, भोपळ्याच्या एका तुंब्यात टाकली होती. तो तुंबा तिनं ओपोकूपुढं आणून ठेवला.

"हे मोज," ती म्हणाली. "बिया मोजल्यानं कुणाचं काही जात नाही."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नापारीसुद्धा हसला. मला वाटलं, झालं काम.

ओपोकूनं तुंब्यात हात घातला, बिया बोटांतून खाली सोडल्या. "मगाझिया, तू हुशार आहेस. पण बियांना पाणी प्यायला लागत नाही. मला माणसं दाखवायला लागतात. साहेब म्हणाले, डोकी मोज, नखाला शाई लाव, फोटो काढ."

"बियांचा फोटो काढ."

"माझी नोकरी जाईल."

"आणि माझी पोरं गेली तर?"

नापारीनं काडी फेकली. "बास. माझ्या बापानं मला मोजलं नाही. मी कुणाला मोजलं नाही. मरण आंधळं असतं, ते चाचपडत येतं. त्याला कुणी हिशेब वाचून दाखवतं का? पाणी नको. हा पाहुणा जाऊ दे."

"तुम्हाला नको," अझारा म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. थोरल्या दिराला उलट बोलणं ही तिथंही साधी गोष्ट नाही.

"मोठे, तुम्ही शेवटचं पाणी कधी आणलंत? तुमच्या डोक्यावर टोपी असते. आमच्या डोक्यावर हंडा असतो. मरण आंधळं असेल, पण तळ्याची वाट त्याला पाठ आहे. गेल्या उन्हाळ्यात मी किती पोरं पुरायला गेले ते मी सांगत नाही, कारण आपण मोजत नाही. पण तुम्हाला ठाऊक आहे."

"अझारा, बस खाली."

"बसते. आधी पोरं उभी करते."

ती पोरं ओळीत उभी करायला लागली. आधी स्वतःच्या घरची. पहिली सनातू. बाकीच्या आयांना धीर यावा म्हणून तिनं मुद्दाम तिलाच पुढं केलं. सनातूनं करंगळी पुढं केली, ओपोकूनं शाई लावली, आणि ती हात नाचवत ओरडली, "हळू! हळू!" सगळी पोरं हसली. मग एक आई उठली. मग दुसरी. नापारी आणि म्हातारे उठून निघून गेले. संध्याकाळपर्यंत त्या झाडाखाली ओळ सरकत होती. पाठीवरची, कडेवरची, दुसऱ्या पोराच्या खांद्यावरची. बाया पोराला पुढं करताना तोंड फिरवायच्या आणि काहीतरी पुटपुटायच्या. मोठी माणसं धरून आकडा चारशेच्या पुढं गेला.

"झालं," ओपोकू म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "आज कळवतो."

त्यानं तिथूनच तुम्हाला फोन लावला, माझ्यासमोर. फोन झाला तेव्हा तो माझ्याकडं न बघता बूट पुसायला लागला.

"काय म्हणाले?"

"सर्वेक्षण बंद झालंय. पैसे देणाऱ्यांनी जुना आकडा मंजूर केलाय. एका गावाचा बदलला तर सगळ्या जिल्ह्याचा बदलावा लागेल."

"मग तुला कशाला पाठवलं?"

"पडताळणी केली, अशी नोंद लागते."

"आणि ही माणसं?"

"पुढच्या टप्प्यात घेऊ म्हणाले."

अझारा शेजारीच होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं ओपोकूला पाठीवर थाप मारून एक कोंबडी दिली. त्यानं ती घेतली नाही. तिला ते अपमानाचं वाटलं. का घेतली नाही ते तिला इद्रिसूनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, ती आम्हाला वेशीबाहेर पोचवायला आली तेव्हा, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून, कारण गावात सगळ्यांसमोर सांगायची त्याची छाती झाली नाही.

*

पहिले पाऊस येऊन गेल्यावर आम्ही त्याच रस्त्यानं परत येत होतो. मी इद्रिसूला म्हटलं, तिंगपालीला थांबू. सुब्बूअण्णा नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.

त्या मुलखात रामराम घालायलाच वेळ लागतो. भेटलेला माणूस विचारतो, घर कसं आहे, काम कसं आहे, थकवा कसा आहे, पोरं कशी आहेत, आणि प्रत्येकाला लांब सूर लावून 'नाऽऽ' म्हणायचं. त्याच्याशिवाय कुणी कुणाला ओलांडून जात नाही. आम्ही पोचलो तेव्हा बाया तळ्याकडून येत होत्या. अझारा बोरजवळ बसली होती. त्या तिच्यासमोरून गेल्या आणि कुणी तोंड उघडलं नाही. एकीनंही. अझारानंही मान वर केली नाही.

मी इद्रिसूकडं बघितलं. त्याला कळलं होतं.

"मावशी," मी म्हणालो.

"तुझी मावशी बरी आहे का?" तिनं विचारलं. आवाज बसलेला.

"बरी आहे. सनातू कुठं आहे?"

इद्रिसूनं भाषांतर केलं नाही. करायची गरज नव्हती, नाव तिला कळलं. तिनं स्वतःची करंगळी वर केली आणि अंगठ्यानं तिचं नख चोळलं.

तळं त्या उन्हाळ्यात तळाला गेलं. शेवटी नुसता चिखल, तो पिळून पाणी काढत. मग पहिला पाऊस झाला आणि सगळ्या रानाची घाण धुऊन त्यात आली. हगवण आणि उलट्या. सनातू गेली. तिच्या मागोमाग शेजारच्या घरातलं तान्हं. मग आणखी. मोटारसायकल एकच, ती दुसऱ्या गावाला गेलेली. पोरांना मातीत ठेवताना आयांनी बघितलं, करंगळ्यांवर शाई अजून होती. आजवर तळ्यानं पोरं नेली तेव्हा लोक म्हणायचे, देवानं नेली. यावेळी म्हणाले, मोजलेली नेली. अझारानं मोजून दिलेली. बायकांनी दुसरी मगाझिया निवडली. अझाराची सूनच, सनातूची आई, पहिली म्हणाली, ही म्हातारी माझ्या नजरेला नको.

"तू सांगितलं नाहीस त्यांना?" मी इद्रिसूवर ओरडलो. "पाण्यानं झालं म्हणून? घाण पाण्यानं झालं!"

"सांगितलं मास्टर. ते म्हणाले, पाणी तर दरवर्षी घाणच असतं. यंदा नवीन काय झालं?"

ह्याला तुमच्याकडं काय उत्तर आहे?

मी गाडीवरून ग्राइंडर काढला. तुम्हाला विचारलं नाही. सुब्बूअण्णा म्हणाला, मालक हाकलून देईल. मी म्हणालो, देऊ दे. त्यावर तो स्वतःच केबल ओढत आला. पत्रा कापला. हापसा आता आमच्या गाडीवर नव्हता, तो तुम्ही दुसरीकडं बसवून घेतला होता. म्हणून बारक्या पाइपचा एक तुकडा घेतला, खालच्या तोंडाला ट्यूबच्या रबराची पडदी लावली, वर दोर बांधला आणि आत सोडला. भरून वर आला. थंड, स्वच्छ. आवाज ऐकून गाव जमलं होतं. मी तुंबाभर पाणी घेऊन नापारीकडं गेलो आणि दोन्ही हातांनी पुढं केलं.

म्हाताऱ्यानं तुंब्यात बघितलं. त्याला तहान लागली होती, ओठ फुटलेले दिसत होते.

"चांगलं पाणी आहे," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही, सिलिमिंगा. तू मेहनत केलीस. पण हे पाणी आम्ही पोरं देऊन घेतलंय. पोरांच्या बदल्यातलं पाणी कुणाच्या घशाखाली उतरेल?"

त्यानं तुंबा जमिनीवर ठेवला, अलगद, सांडू न देता. आणि सगळे तळ्याकडं निघाले. बाया, हंडे, सगळं. उघड्या बोरला वळसा घालून. मी त्यांना आडवा गेलो, ओरडलो, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मराठीत. एक बाई माझ्या खांद्याला हात लावून बाजूला करून पुढं गेली, वेड्याला करतात तसं.

अझारा तुंब्याजवळ आली. बसली. दोन्ही हातांनी उचलून सगळं पाणी प्यायली, घटाघट, हनुवटीवरून ओघळ आले. मग तोंड पुसलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "तुझ्या साहेबाला ठाऊक होतं, हे गोड आहे?"

मी रिकामा तुंबा तिच्या हातातून घेतला.

"त्यानं पोरं मागितली. मी उभी केली. दिराचं ऐकलं नाही, रीत मोडली, सनातूला पहिली उभी केली. त्याला आकडा मिळाला ना? पोचला ना त्याच्यापर्यंत?"

"पोचला, मावशी."

"मग त्यानं त्याचं केलं काय? खायची वस्तू नाही, नेसायची नाही. त्याला नको होता तर मागितला कशाला? एवढं विचार त्याला. मला दुसरं काही नको."

"मास्टर, कबूल करू नका," इद्रिसू हळूच म्हणाला. "ती वाट बघत बसेल."

मी कबूल केलं. तुमच्या ऑफिसला फोन केले, तुम्ही मीटिंगमध्ये होता. दोनदा स्वतः आलो, तुम्ही दौऱ्यावर होता. मालकानं मला भारतात परत पाठवलं. मग तुम्ही बदलून गेलात, कुठल्या तरी मोठ्या जागी. तिथंही आकडेच मागत असाल.

म्हणून इथं लिहून, सगळ्यांसमोर विचारतो. चारशेच्या वर माणसं मोजली, नखाला शाई लावून मोजली, आणि आकडा तुमच्या कानात सांगितला. तो तुम्ही ऐकलात. त्याचं काय केलंत? मला सांगू नका, मी कोण. तिंगपालीला जा. नापारीच्या अंगणात खाली बसा, घर कसं आहे म्हणून विचारा, पोरं कशी आहेत म्हणून विचारा, आणि मग अझाराच्या तोंडाकडं बघून सांगा. ती जिवंत नसली तर तिच्या सुनेला सांगा. पण सांगा.